प्रवासाचा परवाना आणि अधिकाऱ्याची मर्जी

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारी जुनी वाट खानदेशच्या पोटांतून जाते. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें हीं तिच्यावरचीं मुक्कामाचीं ठिकाणें. सतराव्या शतकांत या वाटेनें जे परदेशी गेले त्यांतील दोघांचीं नांवें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहेत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून निघून १६१५ च्या नोव्हेंबरांत बऱ्हाणपुरास शहाजादा परवीझ याच्या दरबारीं गेला. आणि तावेर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या पुढें याच बाजूनें आला. नवापूरच्या बारीक तांदळाचें आणि त्याच्या कस्तुरीसारख्या वासाचें वर्णन तावेर्नियेनें मोठ्या आवडीनें लिहून ठेविलें आहे. तें ऐकून खानदेशी श्रोत्यांस बरें वाटेल. परंतु आज मला त्या प्रवाशांच्या सामानांतील दुसरीच एक वस्तु पहावयाची आहे. ती म्हणजे त्यांच्या जवळचे कागद.

त्या काळीं वाटेवर ठिकठिकाणीं चौक्या असत. नाक्यानाक्यावर जकात घेतली जाई आणि या वसुलीस राहदारी म्हणत. ज्याच्याजवळ बादशहाचें फर्मान, सुभेदाराचा परवाना किंवा पुढें मराठी अंमलांत सरकारचें दस्तक असे, त्यास चौकीदारानें अडवूं नये, त्याच्याकडे जकात मागूं नये, अशी त्या कागदांत आज्ञा असे. म्हणजे तो कागद प्रवाशाच्या हातीं असला तरी लिहिलेला असे तो अधिकाऱ्यास उद्देशून. प्रवाशानें जावें कीं न जावें हा त्यांतला प्रश्नच नव्हे. अधिकाऱ्यानें आपला हात आंवरावा एवढेंच त्यांत सांगितलेलें. धुळें हें तर राजवाड्यांच्या कागदांचें गांव. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं त्या थोर संशोधकाचा देह तेथेंच पडला आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. तेव्हां कौल, अभयपत्र, दस्तक हे शब्द निदान खानदेशांत तरी कोणास समजावून सांगावयास नकोत.

समुद्रावर मात्र दुसऱ्या जातीचा कागद चाले. पोर्तुगिजांचें कार्ताझ घेतल्यावाचून जहाज हांकारलें तर तें धरलें जाई. पुढें कान्होजी आंग्र्यांनींहि कोंकणच्या किनाऱ्यावर आपलें दस्तक असेंच सक्तीचें केलें. तेव्हां रक्षणाचा कागद आणि बेडीचा कागद ही जोडी बरीच जुनी आहे. मात्र पडसें खांद्यावर टाकून सप्तशृंगीस किंवा पंढरीस निघालेल्या खानदेशी कुणब्याजवळ यांपैकीं कोणताच कागद नसे आणि त्यास तो कोणी मागतहि नसे. ज्याचा माल मोठा त्यासच कागदाची गरज. आणि तो नाकारला गेला तर? तर त्या अधिकाऱ्याच्या धन्यापाशीं नजराणा घेऊन जावें, याहून दुसरी दाद नव्हती. कागद ही कृपा होती आणि कृपा कां केली नाहीं असा जाब विचारतां येत नाहीं.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला, कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यास येऊन कारभार पाहूं लागला, आणि पुढें कांहीं दशकांनीं भुसावळ हें आगगाडीचें मोठें ठाणें झालें. तिकिटाचे पैसे मोजले कीं कोणीहि मुंबई गाठावी, कोणीहि नागपूर गाठावें. आपल्या पांढरपेशा वर्गाच्या आठवणींत इंग्रजी राज्याचें जें चित्र राहिलें त्यांत या मोकळ्या प्रवासाचा वांटा मोठा आहे. परंतु तो मोकळेपणा सर्वांच्या वांट्यास आला नाहीं, आणि ज्यांच्या वांट्यास आला नाहीं त्यांची कथा पासपोर्टाच्या इतिहासांत सहसा सांगितली जात नाहीं.

१८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभीं तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ सालच्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू करतां येऊं लागला, आणि १९२४ सालीं त्याची पुन्हां एकत्र मांडणी झाली. फासेपारधी, कंजारभाट, कैकाडी, मांग-गारुडी अशा, खानदेशच्या वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या जमातींचीं नांवें इलाख्यांत या कायद्याखालीं आलीं. जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची, माणसांचीं नांवें पटावर घ्यावयाचीं, हाताचे ठसे घ्यावयाचे, वेळोवेळीं हजेरी घ्यावयाची, आणि हद्द नेमून द्यावयाची, असा हा कारभार. त्या हद्दीबाहेर पाऊल टाकावयाचें तर पास पाहिजे. दुसऱ्या गांवच्या बाजारास जावयाचें असो कीं लेकीच्या सासरीं जावयाचें असो, पास पाहिजे. मूळच्या १८७१ च्या कायद्यांत तर पासावांचून हद्दीबाहेर सांपडलेल्या माणसास पोलीस शिपायानें किंवा गांवच्या जागल्यानेंहि वॉरंटाशिवाय धरावें अशी तरतूद होती.

या कायद्याची जी गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटते ती पास नव्हे. पास देणाऱ्यानें तो दिला नाहीं तर पुढें काय, हा खरा प्रश्न आहे. कायद्यानें त्याचेंहि उत्तर देऊन ठेविलें होतें. जमात गुन्हेगार ठरविणारी सरकारी अधिसूचना योग्य कीं अयोग्य याची चौकशी कोणत्याहि न्यायालयानें करूं नये, असें त्यांत स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें. अर्थात् ज्या माणसास घराबाहेर पडण्यासाठीं सरकारी कागदाची सर्वांत अधिक गरज, त्याच माणसास न्यायालयाचें दार कायद्यानेंच बंद. मुंबई राज्यांत हा कायदा १९४९ सालीं आणि सर्व देशांतून ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला. त्यानंतर या जमातींस विमुक्त म्हणूं लागले. सुशिक्षित घरांतून पासपोर्टाच्या दिरंगाईविषयीं तक्रार ऐकूं येते तेव्हां माझ्या मनांत हा विमुक्त माणूस उभा राहतो. कारण अधिकाऱ्याच्या मर्जीवर प्रवास अवलंबून असणें म्हणजे काय, हें त्यानें आपल्या कितीतरी आधीं पाहिलें.

आपल्या वर्गास तो अनुभव आला पहिल्या महायुद्धांत. त्यापूर्वीं परदेशगमनास अडथळा येई तो बहुधा समाजाचा किंवा पैशाचा. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस गेल्या तेव्हां वादळ उठलें तें समुद्रपर्यटनाच्या निषेधाचें. १९१४ सालीं युद्ध सुरू झालें आणि जगांतील बहुतेक सरकारांनीं आपापल्या वेशीवर पासपोर्टाची चौकी बसविली. हिंदुस्थानांत भारतसंरक्षण कायद्याखालीं नियम होऊन पासपोर्टावांचून बोटीवर चढणें अशक्य झालें. युद्धापुरती म्हणून आलेली ही व्यवस्था युद्ध संपल्यावर गेली नाहीं. तात्पुरत्या सरकारी गोष्टींचा हा स्वभावच आहे.

तिचा पहिला मोठा तडाखा महाराष्ट्रास बसला तो १९१८ सालीं. होमरूल लीगचें शिष्टमंडळ विलायतेस पाठवावें, ब्रिटिश जनतेपुढें स्वराज्याची मागणी मांडावी, असें ठरलें. लोकमान्य टिळक, नरसिंह चिंतामण केळकर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, साताऱ्याचे रघुनाथराव करंदीकर आणि बंगालचे बिपिनचंद्र पाल अशी ही मंडळी. टिळकांस शिवाय व्हॅलेंटाइन चिरोल याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद चालवावयाची होती. सर्वांस पासपोर्ट मिळाले. मार्चच्या अखेरीस मंडळी निघाली आणि मद्रासवरून कोलंबोस पोंचली. तेथें बोटीवर चढावयाचें तों पासपोर्ट रद्द झाल्याचा हुकूम! हुकूम लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाचा. सुनावणी नाहीं, अपील नाहीं. हिंदुस्थान सरकारनें स्वतः दिलेला कागद सहा हजार मैलांवरून एका तारेनें निर्जीव झाला आणि मंडळी परत फिरली.

या प्रसंगाचा पुढचा भाग कायद्याच्या दृष्टीनें अधिक बोधक आहे. चिरोलवरील फिर्यादीसाठीं टिळकांस जाऊं देणें सरकारास भाग होतें. स्वतःच्या न्यायालयांत वादीस येऊं न देणें शोभण्यासारखें नव्हतें. म्हणून त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांस पासपोर्ट देण्यांत आला, पण अट अशी कीं विलायतेंत राजकीय चळवळ करूं नये. म्हणजे कागद देतांना अधिकाऱ्यानें तोंडास कुलूप घातलें. पुढें इंग्लंडांत ती अट उठविण्यांत आली. फिर्यादीचा निकाल १९१९ च्या फेब्रुवारींत टिळकांच्या विरुद्ध गेला. परंतु पासपोर्ट हें केवळ प्रवासाचें साधन नसून माणसाच्या बोलण्यावर ताबा ठेवण्याचेंहि साधन होऊं शकतें, हें मराठी माणसास या निमित्तानें प्रथमच इतकें स्पष्ट दिसलें.

युद्धानंतर १९२० सालीं जो कायदा झाला तो विलक्षण होता. त्याचा विषय हिंदुस्थानांत प्रवेश करणें एवढाच. बाहेरून येणाऱ्याजवळ पासपोर्ट असावा एवढेंच त्यांत होतें. बाहेर जाणाऱ्याविषयीं, पासपोर्ट कोणास द्यावा, कोणास नाकारावा, दिलेला परत केव्हां घ्यावा, याविषयीं कायद्यांत अवाक्षर नव्हतें. आतां व्यवहारांत काय होई तें पहा. परत येतांना पासपोर्ट लागणार म्हणून बोटीच्या कंपन्या, आणि पुढें विमानाच्या कंपन्या, पासपोर्ट नसलेल्यास घेतच नसत. तेव्हां सरकार म्हणे, आम्ही कोणास जाण्याची बंदी केलेली नाहीं. आणि प्रवासी मात्र बंदरावर उभा. कायद्याची बंदी नाहीं आणि जातांहि येत नाहीं अशी ही स्थिति सत्तेचाळीस वर्षें टिकली. त्यांतलीं वीस वर्षें स्वराज्यांतलीं आहेत, हें नमूद केलें पाहिजे.

स्वराज्याच्या आरंभीं तर कागदाचें महत्त्व एकाएकीं वाढलें. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें जळगांवांत स्थायिक झालीं. आगगाडीनें दोन दिवसांत जाण्याचीं गांवें परदेशांत गेलीं. १९४८ च्या जुलैंत पश्चिम पाकिस्तानांतून येणाऱ्यांसाठीं परमिटाची पद्धत सुरू झाली आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट व व्हिसा लागूं लागले. परमिटाच्या कायद्यांतील एका कलमाप्रमाणें, परमिटावांचून आल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी त्या माणसास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारास होता. मुंबई राज्यांतून असाच एक खटला, इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९५४ सालीं न्यायालयानें बहुमतानें निकाल दिला कीं भारताच्या नागरिकास केवळ संशयावरून, त्याचें म्हणणें न ऐकतां, देशाबाहेर घालवितां येणार नाहीं. नागरिकांपुरतें तें कलम घटनेशीं विसंगत आहे. परमिट नसल्याबद्दल शिक्षा करा, पण घर काढून घेऊं नका, असा त्या निकालाचा साधा अर्थ. येण्याच्या बाबतींत कागदाच्या सत्तेस अशी मर्यादा पडली. जाण्याच्या बाबतींत ती पडावयास आणखी दहा-बारा वर्षें लागलीं.

ती प्रथम पाडणाऱ्यांत एक मराठी न्यायाधीश होते ही गोष्ट आपल्याकडे असावी तितकी प्रसिद्ध नाहीं. विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म १९०९ सालीं सासवडचा. बॅरिस्टर होऊन आल्यावर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षांत त्यांनीं काम केलें आणि १९५७ ते १९६९ पर्यंत ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९६५ च्या सुमारास त्यांच्यापुढें एका अर्जदाराचें प्रकरण आलें. पासपोर्टाच्या अधिकाऱ्यानें सुविधा नाकारली होती. सरकारचें म्हणणें जुनेंच: पासपोर्ट देणें न देणें हा राज्याच्या मर्जीचा विषय आहे. तारकुंडे यांनीं घटनेच्या २१ व्या कलमाकडे बोट दाखविलें. कायद्यानें ठरविलेल्या रीतीवांचून कोणाचेंहि व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं असें तें कलम म्हणतें. परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय. आणि तें रोखणारा कायदा कोठें आहे, तो दाखवा. दाखवावयास कायदा नव्हता. सरकार अपिलांत गेलें, तेथेंहि १९६६ मध्यें मुख्य न्यायमूर्ति तांबे यांनीं सविस्तर विचार करून तोच निर्णय दिला. केरळ व म्हैसूर येथील उच्च न्यायालयांचेंहि मत याच बाजूचें होतें; दिल्लीचें मात्र उलट पडलें.

याच प्रश्नाचा अमेरिकेंतील निकाल तेव्हां ताजा होता. रॉकवेल केंट नांवाच्या चित्रकारास कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून पासपोर्ट नाकारला गेला होता, आणि १९५८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं सांगितलें कीं परराष्ट्रमंत्र्यास असा अधिकार कायदेमंडळानें दिलेलाच नाहीं. इंग्लंडांत तर १२१५ च्या मॅग्ना कार्टांत माणसानें राज्याबाहेर जावें व परत यावें असें एक कलम होतें. पुढच्याच वर्षीं ती सनद पुन्हां काढली तेव्हां तें कलम गळलें. राजे लोकांस असलीं कलमें फार दिवस सोसत नाहींत.

आपल्याकडे सर्व उच्च न्यायालयांतील हा मतभेद १९६७ सालीं सुटला. सत्वंतसिंग सोहनी हे आयात-निर्यातीचे व्यापारी. १९६६ च्या ३१ ऑगस्टला दिल्लीच्या व २४ सप्टेंबरला मुंबईच्या पासपोर्ट कचेरीनें त्यांस लिहिलें कीं आपले पासपोर्ट परत करावे. आयात परवान्यासंबंधीं त्यांची चौकशी चालू होती. त्यांनीं थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. १० एप्रिल १९६७ रोजीं तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं बहुमताच्या वतीनें लिहिलें कीं परदेशगमनाचा हक्क २१ व्या कलमांत येतो, तो रोखणारा कायदा नाहीं, आणि एकास द्यावा व दुसऱ्यास देऊं नये अशी बेबंद मुभा अधिकाऱ्यास असणें हें समानतेच्या १४ व्या कलमाच्याहि विरुद्ध आहे. बोटीच्या कंपन्यांचा जो प्रकार मीं वर सांगितला त्याचीहि न्यायालयानें नीट दखल घेतली. कायद्याची बंदी नाहीं असें म्हणून सरकारास सुटतां आलें नाहीं.

विरुद्ध मत देणारे दोघे होते न्या. हिदायतुल्ला व न्या. बछावत. हिदायतुल्ला हे नागपुरांत शिकलेले, तेथेंच वकिली केलेले आणि तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. महाराष्ट्रास ते परके नव्हेत. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं पासपोर्ट हा आपल्या राज्यानें परक्या राज्यास लिहिलेला कागद आहे. माझ्या नांवानें दुसऱ्यास शिफारस करावयाची कीं नाहीं हें मीच ठरवावें. हें मत टाकाऊ नाहीं. राहदारीच्या जुन्या दस्तकाचें स्वरूप तसेंच होतें हें आपण पाहिलें. परंतु दस्तक नसलेला कुणबी पंढरीस जाऊं शकत होता. पासपोर्ट नसलेला माणूस विमानाच्या पायऱ्याहि चढूं शकत नाहीं. कागदाचें शब्दांतलें रूप तेंच राहिलें, पण त्याचें काम पालटलें, आणि माझ्या मतें बहुमतानें कामाकडे पाहिलें हेंच योग्य झालें.

निकालाबरोबर सरकारच्या हातांतला अधिकार गळाला. तेव्हां घाईघाईनें मे महिन्यांत वटहुकूम आणि जूनमध्यें पासपोर्ट कायदा, १९६७ आला. स्वातंत्र्य हवें म्हणून न्यायालयांत जावें आणि त्याचें फळ म्हणून नवा कायदा पदरीं पडावा, यांत कोणास निराशा वाटेल. मला तसें वाटत नाहीं. पासपोर्ट कोणत्या कारणांस्तव नाकारतां येईल तें सहाव्या कलमांत मोजून सांगितलें आहे. दिलेला केव्हां अडकवून ठेवतां किंवा रद्द करतां येईल तें दहाव्यांत आहे. अधिकाऱ्यानें कारणें थोडक्यांत लिहून ठेवावीं आणि मागितल्यास त्यांची प्रत द्यावी; अकराव्या कलमाप्रमाणें वरिष्ठांकडे अपील करतां यावें. १९१८ सालीं कोलंबोच्या बंदरावर यांतलें कांहींहि नव्हतें. मात्र दोन फटी राहिल्या. देशाची सुरक्षितता, परराष्ट्रांशीं संबंध किंवा सामान्य जनतेचें हित यांसाठीं कारणें न सांगण्याची मुभा ठेविली. आणि हुकूम खुद्द मध्यवर्ती सरकारचा असेल तर अपील नाहीं.

नेमक्या याच दोन फटींत १९७७ सालचें प्रकरण घडलें. आणीबाणी उठून नवें सरकार आलें होतें. मेनका गांधी यांस जुलैच्या आरंभीं पत्र आलें कीं सार्वजनिक हितासाठीं आपला पासपोर्ट अडकवून ठेवण्याचें सरकारनें ठरविलें आहे, सात दिवसांत तो जमा करावा. त्यांनीं कारणें विचारलीं. उत्तर आलें कीं सामान्य जनतेच्या हितासाठीं कारणें देतां येत नाहींत. पुढें न्यायालयांत सरकारनें सांगितलें कीं चौकशी आयोगापुढें त्यांची गरज लागण्याचा संभव आहे. एवढीच जर गोष्ट होती तर ती आधीं सांगावयास जनतेचें कोणतें हित आड आलें, हें कळत नाहीं. ज्या सरकारनें आणीबाणीच्या मनमानीविरुद्ध मतें मागितलीं त्यानेंच पहिल्या कांहीं महिन्यांत असा कागद पाठवावा, ही कचेऱ्यांची संवय सरकारें बदलल्यानें बदलत नाहीं याची साक्ष आहे.

२५ जानेवारी १९७८ रोजीं सात न्यायाधीशांच्या पीठानें निकाल दिला. यशवंतराव चंद्रचूड हे त्या पीठावर होते. प्रमुख निकालपत्र न्या. भगवती यांचें. नुसता कायदा असून भागत नाहीं, त्यानें ठरविलेली रीत न्याय्य व वाजवी असली पाहिजे. पासपोर्ट अडकविण्यापूर्वीं, निदान तांतडी असेल तर लगेच नंतर, त्या माणसाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. आणि कारणें न देण्याची मुभा ही अधिकाऱ्याच्या इच्छेवर नाहीं, ती न्यायालयास तपासतां येते, हीं त्यांतील मुख्य सूत्रें. या निकालाविषयीं पुष्कळांचा असा समज आहे कीं मेनका गांधींस पासपोर्ट तात्काळ परत मिळाला. तसें झालें नाहीं. त्यांचें म्हणणें ऐकून घेऊं, आणि हुकूम कायम राहिला तरी सहा महिन्यांहून अधिक काळ पासपोर्ट अडकविणार नाहीं, असें सरकारच्या वतीनें आश्वासन देण्यांत आलें, आणि त्यावर न्यायालयानें हुकूम रद्द न करतां प्रकरण मिटविलें. त्यांच्या नांवाच्या निकालानें इतरांस जितकें मिळालें तितकें त्यांस मिळालें नाहीं.

आतां हें सारें जळगांव-धुळ्याच्या घरांत कोठें येऊन भिडतें तें सांगतों. आज पासपोर्टाचीं बहुतेक प्रकरणें राजकीय नसतात. मुलास परदेशांत नोकरी मिळालेली असते आणि त्याच्यावर शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीचा जुना खटला चालू असतो. किंवा पोलीस तपासणीचा अहवाल प्रतिकूल जातो. अशा वेळीं पासपोर्टाच्या कारकुनानें तोंडीं सांगितलेलें "होणार नाहीं" हा नकार नव्हे. कारणें लिहिलेला हुकूम तो नकार, आणि त्याची प्रत मागावी. खटला चालू असल्याचें कारण सहाव्या कलमांत खरोखरच आहे, पण तें फौजदारी न्यायालयापुढें प्रकरण प्रलंबित असेल तेव्हां. केवळ फिर्याद नोंदली गेली व तपास चालू आहे एवढ्यानें तें लागू होत नाहीं, असें परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनांतहि म्हटलें आहे. पोलिसांनीं तपासांत पासपोर्ट ताब्यांत घेतला तरी तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांस नाहीं, पासपोर्टाच्या अधिकाऱ्यासच आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं सुरेश नंदा यांच्या प्रकरणांत ठरविलें. या सर्व बाबतींत खानदेशच्या माणसास आज रिट अर्ज करावयाचा तर तो मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, खंडपीठापुढें करावा लागतो.

पासपोर्ट हातांत असूनहि विमानतळावर अडविलें जाण्याचा प्रकार अलीकडे वाढला. त्याचें साधन म्हणजे पाळतीचीं परिपत्रकें. सरकारी बँकांच्या अध्यक्षांनीं कर्जदाराविरुद्ध असें परिपत्रक मागावें अशी मुभा सरकारच्या एका ज्ञापनानें दिली होती. त्यास कायद्याचा आधार नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल व न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठानें २३ एप्रिल २०२४ रोजीं ठरविलें. प्रश्न तोच होता जो तारकुंड्यांनीं विचारला होता: कायदा दाखवा.

राहतां राहिला तो खटला प्रलंबित असलेला मुलगा. त्याच्यासाठीं २५ ऑगस्ट १९९३ ची एक अधिसूचना आहे. ज्या न्यायालयांत खटला चालू आहे त्यानें परदेशीं जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळूं शकतो. परवानगींत मुदत लिहिलेली असेल तर तितक्या मुदतीचा. लिहिलेली नसेल तर एका वर्षाचा. म्हणून जळगांवच्या किंवा धुळ्याच्या न्यायालयांत अर्ज करतांना किती वर्षांची परवानगी हवी तें वकिलाकडून स्पष्ट घालून घ्यावें. नाहींतर नोकरी तीन वर्षांची आणि पासपोर्ट एका वर्षाचा, अशी अवस्था होते, आणि त्याच न्यायालयांत पुन्हां अर्ज करावा लागतो.